‘हाड वाढले आहे’: नाकाच्या पडद्याची शस्त्रक्रिया आणि रुग्णाची संमती

मराठी रुग्णाला नाक चोंदण्याचे कारण सांगताना ‘नाकाचे हाड वाढले आहे’ हा शब्दप्रयोग सर्रास केला जातो. मधला पडदा वाकडा असो किंवा बाजूच्या भिंतीवरचे मांसल उंचवटे सुजलेले असोत, दोहोंना हे एकच वाक्य पुरते. वाक्य सोयीचे आहे, यथार्थ नाही. पडद्याचा पुढचा भाग कूर्चेचा व मागचा हाडाचा असतो. तो एका बाजूस कलला म्हणजे श्वासाचा मार्ग अरुंद होतो. तेथे बहुधा काही ‘वाढलेले’ नसते. परंतु वाढले ते कापले की काम संपले, असा अर्थ रुग्ण काढतो आणि त्याच समजुतीने संमतिपत्रावर सही करतो. धोक्यांची माहिती देण्याचा प्रश्न सहीच्या पुष्कळ आधी, या वाक्यापाशीच सुरू होतो, हे प्रस्तुत टिपणाचे प्रतिपाद्य आहे.

शस्त्रक्रियेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रीअर व किलियन यांच्या पद्धतीत पडद्याची कूर्चा व हाड पुष्कळ प्रमाणात काढून टाकीत. त्यामुळे नाकाचा दांडा खचणे, पडद्याला भोक पडणे असे परिणाम दिसू लागले. पुढे कॉटल प्रभृतींनी कूर्चा शक्य तितकी राखून पडदा सरळ करण्याची पद्धत रूढ केली. आज वरच्या व पुढच्या कडेला सुमारे १ सेंटिमीटर रुंदीची पट्टी आधारासाठी राखली जाते. म्हणजे या शस्त्रक्रियेतील खरा विवेक काय काढावे यापेक्षा काय ठेवावे यात आहे. ‘हाड काढणे’ हा शब्द नेमका तोच झाकतो.

तरीही धोके उरतातच. रक्तस्राव, पडद्याच्या आवरणांत रक्त साकळणे, जंतुसंसर्ग, भोक पडून खपल्या धरणे व श्वासागणिक शिटीसारखा आवाज येणे, वरच्या पुढच्या दातांना बधिरपणा, वास मंदावणे, नाकाचा आकार बदलणे, आणि एवढे सोसूनही नाक चोंदलेलेच राहणे. यांतील गंभीर परिणाम विरळ आहेत. शेवटचा मात्र तसा विरळ नाही, आणि ‘वाढलेले हाड काढले’ अशी समजूत असलेल्या रुग्णाला तोच सर्वांत अनपेक्षित वाटतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात २००८ साली संमतीपूर्वी द्यावयाच्या माहितीची रूपरेषा आखून दिली: उपचाराचे स्वरूप, हेतू व लाभ, पर्याय असल्यास ते, महत्त्वाचे धोके, आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम. रुग्णाला घाबरवून वा गोंधळवून नकाराकडे लोटतील असे दूरचे किंवा तात्त्विक धोके सांगण्याची गरज नाही, असेही न्यायालयाने म्हटले. निकालाचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि हा अपवाद पडद्याच्या शस्त्रक्रियेला लावू गेल्यास दोन अडचणी उभ्या राहतात.

पहिली अडचण ‘दूरचा’ या शब्दाची. दूरत्व केवळ आकड्यांनी मोजावयाचे काय? ऑस्ट्रेलियातील रॉजर्स विरुद्ध व्हिटेकर या १९९२ च्या खटल्यात एका डोळ्याने जवळजवळ अंध असलेल्या स्त्रीच्या त्याच डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली व तिचा चांगला डोळा गेला. या धोक्याचे प्रमाण सुमारे १४,००० त १ होते. तरीही तो न सांगणे हा हलगर्जीपणा ठरला, कारण त्या रुग्णाला चांगल्या डोळ्याहून मोलाचे दुसरे काही नव्हते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१५ साली माँटगोमेरी खटल्यात हीच दिशा धरली: त्या रुग्णाच्या जागी असलेला समंजस मनुष्य ज्याला महत्त्व देईल तो धोका सांगितलाच पाहिजे. २००८ च्या आपल्या निकालाने ज्या ब्रिटिश परंपरेचा आधार घेतला होता ती परंपरा अशा रीतीने ब्रिटनमध्येच मागे पडली. वास मंदावण्याचा धोका हिशेबनिसाला किरकोळ वाटेल; अत्तर पारखणाऱ्याची किंवा आचाऱ्याची त्याने उपजीविकाच जाईल.

दुसरी अडचण नकाराच्या भीतीची. जेथे नकार म्हणजे मृत्यूला आमंत्रण, तेथे ही भीती समजू शकते. पडद्याची शस्त्रक्रिया बहुधा श्वासाच्या सुखासाठी, सवडीने केली जाते. शस्त्रक्रियेवाचूनच्या उपचारापेक्षा ती अधिक गुणकारी असल्याचे नेदरलँड्समध्ये २०३ (२०१९) व ब्रिटनमध्ये ३७८ (२०२३) प्रौढ रुग्णांच्या चाचण्यांत आढळले, हे खरे. परंतु हा लाभ सरासरीचा आहे. प्रत्येक रुग्णाला तो मिळेलच असे नाही. सर्व ऐकून ‘मला एवढा त्रास नाही, मी फवाऱ्यावर भागवीन’ असे कोणी म्हटले, तर तो संमतीच्या प्रक्रियेचा अपयशी शेवट नव्हे. ती प्रक्रिया खरी होती याचा तो पुरावा होय.

गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात इतका वेळ कोठून आणावा, हा आक्षेप उपेक्षणीय नाही. परंतु लांबलचक यादी वाचून दाखविण्यापेक्षा दोन प्रश्न विचारावयास थोडाच वेळ लागतो: आपला व्यवसाय कोणता, आणि या शस्त्रक्रियेकडून आपली अपेक्षा काय? पहिल्या प्रश्नाने त्या माणसाच्या दृष्टीने कोणता धोका मोठा ते कळते. दुसऱ्याने त्याची समजूत कोठे चुकली आहे ते. ‘हाड वाढले आहे’ याऐवजी ‘पडदा वाकडा आहे, तो सरळ करता येईल, पण नाक पूर्ण मोकळे होईलच असे नाही’ एवढे वाक्य मराठीत अवघड नाही. ते उच्चारले गेल्यावर केलेल्या सहीलाच संमती हे नाव शोभेल.