‘रोजची काळजी’ घेणार कोण?

विल्यम मॉरिसचा १८७७चा जाहीरनामा मी मोबाइलवर एका बैठकीत वाचला. छोटा आहे. जुन्या इमारतींचा ‘जीर्णोद्धार’ करून त्यांना कोऱ्या करणाऱ्यांवर तो तुटून पडतो आणि त्याऐवजी रोजची काळजी मागतो: कलती भिंत टेकू देऊन सावरा, गळतं छप्पर वेळीच दुरुस्त करा. मला ते पटलं. दुसऱ्यांदा वाचताना मात्र खुपलं. या काळजीला लागणारं कसब कुणाच्या हातात असतं, ते पुढच्या हातात कसं जातं, यावर त्यात चकार शब्द नाही. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेने कारागिरांसाठी फेलोशिप सुरू केली ती १९८७मध्ये. एकशे दहा वर्षांनी!

खुपण्याचं कारण माझाच एक अपराध. एका गडावर श्रमदानाला गेलो होतो. बांधीव टाक्याच्या भिंतीतले सांधे उघडे पडलेले. आम्ही सहा जणांनी दुपारपर्यंत ते सिमेंटने बुजवले, फोटो काढले. पावसाळ्यानंतर पाहिलं तर सिमेंट ठणठणीत, आणि शेजारचा जुना चुना भुसभुशीत होऊन गळत होता. चुना भिंतीतलं पाणी बाहेर सुकू देतो, सिमेंट ते आत कोंडतं. हे सांगणारं कुणी नव्हतं. गडावर चुन्याचा घाणा मात्र होता. त्याच्या दगडी चाकावर बसून आम्ही डबे खाल्ले.

मग चुन्याच्या एका कार्यशाळेला गेलो. सकाळी व्याख्यान, दुपारी हातात थापी, संध्याकाळी प्रमाणपत्र. भिजवलेला चुना मुरायलाच आठवडे लागतात, आम्ही दिवसात मुरलो!

आफ्रिकेत, मालीमधल्या जेन्ने गावची मातीची मशीद याउलट. आजची इमारत १९०७ची, तिला दरवर्षी सगळं गाव मिळून चिखलाचा गिलावा करतं. गवंडी देखरेख करतात, पोरं चिखल वाहता वाहता शिकतात. या कौतुकात एक गोष्ट निसटते: माती पावसात झिजते, म्हणून दरवर्षी हात लागतात. आपला चुना पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, आणि तेवढ्यात शिकवणारा गवंडी निघून जातो. म्हणजे आपल्याला ती दरवर्षीची फेरी मुद्दाम ठरवावी लागणार. तीच माणसं, तीच भिंत.

यंदा दिवाळीनंतर त्याच टाक्यावर जातोय. परवानगी काढली आहे, सोबत एक म्हातारे गवंडी आहेत. पहिलं काम आमचंच सिमेंट काढायचं. छिन्नीने, दगडाची कड न उडवता.