परीक्षणातून गळलेली थप्पड

'सैराट' या चित्रपटात एक थप्पड आहे. महाविद्यालयाच्या वर्गात लोखंडे सर दलित कवितेवर बोलत आहेत. गावच्या पाटलाचा मुलगा प्रिन्स वर्गात येतो आणि मोबाईलवर बोलत राहतो. सर त्याला हटकतात. तो भर वर्गात सरांच्या थोबाडीत मारतो. दृश्य दोन-तीन मिनिटांचे. पुढे गाणी आहेत, विहीर आहे, बुलेट आहे, ट्रॅक्टर आहे, पळून जाणे आहे. प्रेक्षक ती थप्पड विसरतो, आणि त्याने विसरावे यात वावगे काही नाही. परीक्षकही ती विसरला. माझी तक्रार परीक्षकाबद्दल आहे.

२९ एप्रिल २०१६ रोजी 'सैराट' प्रदर्शित झाला तेव्हा मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होतो. बी.ए.च्या वर्गाला दलित कविता माझ्याकडे होती. माझ्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. आई दुसऱ्यांच्या बांध्यांत धानाचे रोवणे करी, वडील राइस मिलमध्ये पोती उचलत. काही विद्यार्थ्यांना घेऊन भंडाऱ्याला हा चित्रपट पाहिला. परतीच्या एस.टी.ची वाट पाहत उभे असताना एका मुलाने विचारले, "सर, तुमाले असं मारलं असतं त तुमी का केलं असतं जी?" बाकीची मुले हसली. मी उत्तर दिले नाही. बस आली, बसलो. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरापर्यंत आला.

पुढच्या रविवारी मिळतील तेवढी परीक्षणे गोळा करून वाचली. अजय-अतुल यांच्या संगीताविषयी रकानेच्या रकाने होते. रिंकू राजगुरूच्या ठसक्याविषयी होते. उत्तरार्ध लांबला अशी कुरकुर होती. शेवटाचा धक्का सुन्न करतो, असे जवळजवळ सर्वांनी लिहिले होते. मी वाचलेल्यांपैकी एकाही परीक्षणात लोखंडे सर नव्हते.

हा केवळ नजरचुकीचा प्रश्न असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु या एका विसरण्यामुळे परीक्षकाची सारी मांडणीच कशी चुकते, हे पाहण्यासारखे आहे. चित्रपटाचे दोन तुकडे पडले आहेत, पहिला स्वप्नाचा आणि दुसरा वास्तवाचा, आणि शेवट अचानक अंगावर येतो, असा निष्कर्ष त्याने काढला. ज्याने थप्पड पाहिली त्याला शेवट अचानक वाटणार नाही. ज्या हाताने मास्तरला मारले तोच हात हैदराबादच्या त्या खोलीत पोचतो. मास्तरजवळ पदवी होती, नोकरी होती, व्यासपीठ होते. तरीही गावाने त्याला एका क्षणात त्याची जागा दाखवली, आणि वर्गातल्या एकाही मुलाने तोंड उघडले नाही. मग ज्याच्याजवळ यातले काहीच नाही, अशा पारध्याच्या, कोळ्याच्या, मांगाच्या पोराचे काय होणार, हे दिग्दर्शकाने पूर्वार्धातच सांगून ठेवले आहे. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. गाव आधी कोणाला मारते आणि नंतर कोणाला, हा क्रम त्यांना ठाऊक आहे. परीक्षकाला तो ठाऊक नाही. म्हणून जे पेरले होते ते त्याला दिसले नाही, उगवले तेव्हा मात्र तो दचकला.

आम्ही भंडाऱ्याचे लोक दचकलो नाही. चित्रपटगृहात शेवटी आवाज बंद झाला आणि ते लेकरू रक्ताची पावले उमटवत बाहेर आले, तेव्हा माझ्या शेजारचा माणूस हळूच एकच शब्द म्हणाला. खैरलांजी. मोहाडी तालुक्यातल्या त्या गावात २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा भोतमांगे, प्रियंका, सुधीर आणि रोशन यांना मारण्यात आले तेव्हा मी शाळेत होतो. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप सुनावली. २०१० साली नागपूर खंडपीठाने फाशीच्या जागी २५ वर्षांची कैद दिली. अॅट्रॉसिटीचा कायदा मात्र ना इथे लागू झाला, ना तिथे. कारण म्हणून जो शब्द कागदावर आला तो 'सूड'. भैयालाल भोतमांगे २०१७ च्या जानेवारीत गेले. एका बौद्ध कुटुंबाचे काय झाले याची नोंद त्यांच्या हयातीत अशी झाली, की त्यात जातीला स्थान नाही.

न्यायनिवाडा आणि चित्रपट-परीक्षण यांना एका पारड्यात घालू नये, हे मला कळते. एकात माणसांचा जीव गुंतलेला असतो, दुसऱ्यात फार तर तिकिटाचे पैसे. पण लेखणीची सवय दोन्हीकडे एकच आहे. तिकडे 'सूड' लिहिले की जात लिहावी लागत नाही, इकडे 'प्रेमकथा' लिहिले की लिहावी लागत नाही. 'श्रीमंत मुलगी आणि गरीब मुलगा' हे शब्द मी 'सैराट'बद्दल किती वेळा वाचले! अर्ची श्रीमंत आहे हे खरे. पण परशा श्रीमंत झाला असता तर पाटलांनी त्याला जावई करून घेतले असते काय?

आता 'नैसर्गिक' या शब्दाकडे येऊ. परीक्षणाच्या धंद्यात हा मोठा कौतुकाचा शब्द आहे. 'फॅन्ड्री' १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. जब्याचे काम करणाऱ्या सोमनाथ अवघडेला त्यासाठी बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याचा अभिनय कसा? नैसर्गिक. 'कोर्ट'मध्ये लोकशाहीर नारायण कांबळे उभा करणारे विरा साथीदार कसे? नैसर्गिक, जणू अभिनय करतच नाहीत. हे वाचताना प्रथम बरे वाटते. मग प्रश्न पडतो की किशोर कदम यांनी त्याच 'फॅन्ड्री'त कचरू उभा केला, त्याला मात्र 'अभ्यासपूर्ण' का म्हणायचे? वास्तविक, नाट्यशिक्षण घेतलेल्या नटाने केले ते कला, आणि आमच्या पोराने केले ते निसर्ग, असा हा हिशेब आहे. निसर्गाला मेहनत लागत नाही, त्याला श्रेयही द्यावे लागत नाही. विरा साथीदार नागपूरचे कार्यकर्ते होते, 'विद्रोही' या नियतकालिकाचे संपादक होते, गाण्यांच्या आणि मोर्चांच्या चळवळीत त्यांचे आयुष्य गेले. १३ एप्रिल २०२१ रोजी, जयंतीच्या आदल्या दिवशी, कोरोनाने ते गेले. न्यायालयातल्या बाकावर तो शाहीर ज्या थकलेल्या शांतपणाने बसतो, ते बसणे त्यांनी अनेक वर्षांत कमावले होते. त्याला निसर्ग म्हणणे हा अज्ञानाचा प्रकार आहे. (आमच्या आयांच्या स्वयंपाकालाही 'हाताची चव' म्हणतात. पाककला दुसऱ्यांची.)

'फॅन्ड्री'वर मीही एक परीक्षण लिहून एका दैनिकाच्या पुरवणीकडे पाठवले होते. छापून आले. उघडून पाहतो तर 'कैकाडी' हा शब्द सगळीकडून काढून त्या जागी 'वंचित' घातलेला. जातीच्या नावाने वाचक दुखावतात, असे फोनवर सांगण्यात आले. आता गंमत पहा. कैकाडी ही जमात विदर्भाच्या बहुतेक जिल्ह्यांत, आपल्या भंडाऱ्यातही, अनुसूचित जातींच्या यादीत आहे. तिकडे सोलापूर-नगरकडे तीच विमुक्त जातींत मोडते. एकच माणूस, एकच डुक्कर, एकच गाव-शिवेबाहेरची झोपडी, पण जिल्हा बदलला की दाखला बदलतो, सवलत बदलते, अत्याचार झाल्यास लागू होणारा कायदाही बदलतो. जब्याच्या घराण्याचे कैकाडीपण असे फार मोठ्या प्रश्नाचे दार आहे. 'वंचित' म्हटले की ते दार बंद होते. ज्या चित्रपटात जब्याला गावाने जातीवरून हाका मारल्या, त्याच्या परीक्षणात त्याची जात लिहिणे मात्र असभ्य ठरले!

राष्ट्रगीताच्या दृश्याचेही असेच झाले. डुक्कर हाताशी आले आहे, इतक्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते आणि अख्खे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. परीक्षकांनी याला विनोदी उपरोध म्हटले. चित्रपटगृहात मलाही हसू आले होते, ते नाकारत नाही. पण त्यानंतर हेच कुटुंब मेलेले डुक्कर काठीला बांधून शाळेच्या भिंतीवरच्या बाबासाहेब आणि सावित्रीबाईंच्या चित्रांसमोरून नेते. ही दोन दृश्ये एकत्र वाचली पाहिजेत. राष्ट्राने थांब म्हटले की आपण थांबतो. पण आपण डुक्कर वाहून नेऊ लागलो की आपल्याला कोणी थांबवत नाही.

साहित्यात ही लढाई आपण एकदा लढलो आहोत. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला तेव्हा त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती. प्रस्थापित वाचकाला त्या वस्तीत हात धरून नेणारा कोणीतरी लागत होता. नंतर तशी गरज उरली नाही. १९६७ पासून गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने लेखकांबरोबर समीक्षकही घडवले, बाबुराव बागूल, म. ना. वानखेडे, यशवंत मनोहर यांनी निकषांचाच प्रश्न उभा केला, १९९६ साली शरणकुमार लिंबाळे यांचे 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' आले. आमचे पुस्तक कसे वाचावे हे आम्ही सांगू, असे म्हणण्याइतकी ताकद आली. चित्रपटात मात्र दिग्दर्शक आपला आला आणि समीक्षक अजून परकाच आहे.

याची कारणे व्यावहारिक आहेत. पुस्तक ग्रंथालयात पडून राहते, दहा वर्षांनी कोणी उघडले तरी चालते. चित्रपटाचे भवितव्य पहिल्या तीन दिवसांत ठरते. परीक्षकांसाठीचे खेळ मुंबई-पुण्यात होतात. एका रात्रीत मजकूर द्यायचा, कथा, अभिनय, संगीत, छायाचित्रण असे खण भरायचे आणि शेवटी तारे चिकटवायचे. लाखनी-साकोलीच्या माणसापर्यंत तो चित्रपट पोचतो तेव्हा निकाल लागून गेलेला असतो. नागपूरच्या शैलेश नरवाडे यांचा 'जयंती' २०२१ च्या नोव्हेंबरात आला. त्याच्याविषयी आमच्या भागातल्या लोकांना जे म्हणायचे होते, ते म्हणायला जागाच नव्हती.

पण दोष सगळा बाहेर टाकून मोकळे होता येणार नाही. आपल्याकडे जी चर्चा होते तिची रीत काय आहे? पडद्यावर बाबासाहेबांची तसबीर दिसली की चित्रपट आपला, दिसली नाही की परका. २०२२ च्या 'झुंड'मध्ये अमिताभ बच्चन जयंतीच्या दृश्यात बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर उभे राहिले आणि आपण धन्य झालो. मलाही भरून आले होते. पण विजय बारसे यांच्या कामावर बेतलेल्या त्या चित्रपटाची खरी कमाई म्हणजे नागपूरच्या झोपडपट्टीतली ती पोरे आणि त्यांची अर्धी हिंदी, अर्धी वऱ्हाडी बोली. उत्तरार्धात चित्रपट त्या पोरांना बाजूला सारून भाषण करू लागतो, हे आपल्यापैकी किती जणांनी लिहिले? 'फॅन्ड्री'तल्या शालूला जवळजवळ बोलूच दिलेले नाही. ती जब्याच्या डोळ्यांतले चित्र म्हणून येते आणि तशीच जाते. हा दोष आपण दाखवला नाही, कारण आपल्या माणसाचा चित्रपट होता. लाड करणारा समीक्षक आणि दुर्लक्ष करणारा समीक्षक, दोघेही कलावंताला एकटे सोडतात.

टीका कशी करावी, हे आमच्या झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला चांगले कळते. धान निघाले की वडशाहून नाटके ठरतात, रात्रभर चालतात. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा शहरांना ही रंगभूमी आठवली. तिथला प्रेक्षक कंटाळला की उठून चहाच्या टपरीवर जातो, आवडले की पुढच्या वर्षी त्याच कंपनीचे नाटक मागतो. हे बोलणे कागदावर येत नाही, एवढेच.

ते कागदावर आणण्यासाठी गेल्या दोन वर्षांपासून मी बी.ए.च्या विद्यार्थ्यांना एक काम देतो. एक चित्रपट पाहा आणि त्याबद्दल दोन पाने लिहा. अट एकच: 'नैसर्गिक', 'वास्तववादी' आणि 'सुन्न करणारा' हे शब्द वापरायचे नाहीत. पहिल्या वर्षी बहुतेकांनी कथाच लिहून आणली. यंदा ढिवर समाजातल्या एका मुलीने 'सैराट' घेतला. मला वाटले, आता थप्पड येणार, कारण वर्गात मी तिच्याविषयी बरेच बोललो होतो. तिने त्या दृश्याला एक वाक्य दिले, आणि तेही असे की सरांना मारल्याचे सरांना फार वाटते. मग दोन्ही पाने तिने परशाच्या घरच्या होडीवर आणि जाळ्यावर लिहिली. पाणी पडद्यावर फार सुंदर दिसते, तिने लिहिले, पण त्या पाण्याचा ठेका कोणाच्या नावावर आहे, हे चित्रपटाने सांगितले नाही. आमच्या गावच्या तलावात मासे आमचे बाप मारतात. ठेका कोणाचा, हे गावात सर्वांना माहीत आहे. परशा अर्चीकडे पाहू लागला त्याच्या आधीपासून त्याचा बाप पाटलाच्या पाण्यावर जगत असेल, तर भांडण प्रेमाने सुरू झालेले नाही.

मी लाल शाईचा पेन हातात घेऊन बसलो होतो. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. तेवढ्या दुरुस्त केल्या आणि तिच्या संमतीने ती दोन पाने या लेखासोबत संपादकांकडे पाठवली आहेत.