कमला खान : पराक्रमाचा चेहरा कुणाचा?

महानायकाची जन्मकथा सांगण्याचा एक ठरलेला साचा आहे. साध्यासुध्या माणसाला अपघाताने अचाट शक्ती मिळते, तो मुखवटा चढवतो आणि नगराचा रक्षणकर्ता होतो. 'मिस मार्व्हल : नो नॉर्मल' ही २०१४ची चित्रकादंबरी याच साच्यातली आहे. तरीही मुस्लिम वाचकांनी तिच्याकडे लक्ष द्यावे, असे आम्हाला वाटते. लेखिका जी. विलो विल्सन यांनी स्वतः इस्लाम स्वीकारलेला आहे. चित्रे एड्रियन अल्फोना यांची, तर नायिकेच्या घडणीत संपादक सना अमानत यांचा मोठा वाटा. २०१५ साली या पुस्तकाला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

नायिका कमला खान सोळा वर्षांची, जर्सी सिटीत राहणारी, पाकिस्तानी आईबापांची लेक. अब्बा बँकेत नोकरीला, अम्मीचा धाक मोठा, भाऊ आमिर नमाज-रोजात इतका गुंतलेला की नोकरीचे नाव काढत नाही. त्यावरून अब्बाच त्याला टोमणे मारतात. मैत्रीण नाकिया डोक्यावर रुमाल बांधते. घरच्यांनी सक्ती केली का, असे गोरी झोई विचारते, तेव्हा कळते की तिच्या वडिलांना तो रुमाल नकोच आहे. एवढ्या छोट्या प्रसंगात लेखिकेने किती गैरसमज मोडीत काढले आहेत! त्यासाठी तिला व्याख्यान द्यावे लागत नाही.

घरच्यांची नजर चुकवून कमला पार्टीला जाते. परतताना गूढ धुके तिला वेढते आणि तिच्या आवडत्या महानायिकेचे, कॅप्टन मार्व्हलचे, दर्शन घडते. या दृश्यात ती महानायिका अमीर खुसरोंची वसंतरचना म्हणते. सातशे वर्षांपूर्वीची हिंदवी अमेरिकन कॉमिकच्या पानावर उमटते! तुला काय व्हायचे आहे, या प्रश्नाला कमला उत्तर देते : तुझ्यासारखी. शुद्धीवर येते तेव्हा ती खरोखरच गोरी, सोनेरी केसांची झालेली असते.

पुस्तकाचा गाभा इथे आहे. पराक्रमाचा चेहरा गोराच असतो, हे या पोरीच्या मनात कुणी भरवले? हवे ते मिळाल्यावर मात्र ते अंगाला टोचते. पाण्यात बुडणाऱ्या झोईला ती वाचवते, म्हणजे जिने हिणवले तिलाच. त्या क्षणी तिला आठवते ती अब्बांनी सांगितलेली, एक जीव वाचवण्याचे मोल सांगणारी कुरआनची आयत. पुढे ती आपल्याच रूपात लढते. पोशाख कसला, तर अम्मीने घेतलेल्या बुर्किनीचा! घरच्या शिस्तीचे कापडच तिचे चिलखत होते. मशिदीत स्त्रियांना पडद्याआड का बसवता, हे शेख अब्दुल्लांना विचारणारीही तीच. श्रद्धा सोडणे किंवा निमूट राहणे, एवढेच दोन पर्याय लेखिका तिच्यापुढे ठेवत नाही.

नावाची गंमतही लक्षात घ्यावी. मराठी कानाला 'कमला' म्हणजे कमळ, लक्ष्मी. अब्बा तिला नावाचा अर्थ अरबी 'कमाल'वरून सांगतात : परिपूर्णता. दुसऱ्या कुणासारखे होण्याची गरज नाही, हे त्यांचे सांगणे कादंबरीचे सूत्रच ठरते.

उणिवा आहेत. खलनायक पुरेसा उभा राहत नाही. यंत्रमानवांच्या मारामाऱ्यांत घरातले जिवंत संवाद मागे पडतात आणि हा खंड मध्येच थांबल्यासारखा वाटतो. धुक्याचा उगम समजायला मार्व्हलच्या इतर कथा माहीत असाव्या लागतात. २०२२ साली आलेल्या दूरदर्शन मालिकेने फाळणीचा इतिहास आणला, हे स्वागतार्ह. पण तिथे सामर्थ्य वारशाच्या कंगनातून जागे होते आणि दुसऱ्याचा चेहरा घेण्याची मूळ वेदना हरवते.

मराठी साहित्यात मुसलमान पात्र बहुधा दोन टोकांवर उभे केले गेले : एक तर संशयित, नाही तर देवमाणूस. हमीद दलवाईंनी 'इंधन'मध्ये (१९६५) कोकणातला मुसलमान त्याच्या गुणदोषांसकट दाखवला. ती वाट पुढे फार रुळली नाही. आम्ही मुस्लिम लेखकही कधी फिर्याद मांडतो, कधी खुलासे देत बसतो. कमला खुलासा देत नाही. ती अम्मीची बोलणी खाते, खोटे बोलते, पस्तावते आणि तरी लोकांना वाचवते. आमच्या मोहल्ल्यातली अशी एखादी पोर मराठी कादंबरीची नायिका व्हायची आहे. तिला धुक्याची गरज नाही. तिच्याकडे तिच्याच चेहऱ्याने पाहणारा लेखक मिळाला, तरी पुरे.