काइनाचा उलटा प्रश्न

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले आणि बायबलातील कथा मराठी ओवीत आल्या. परवा जयनगरातील आमच्या लहानशा वाचनमंडळात त्याविषयी चर्चा चालली असता एका स्नेह्यांनी विचारले, “ओवीचा पेहराव काढला, तर या कथांत आपल्याला नवे ते काय?”

माझे उत्तर जुन्या करारातील काइनाच्या कथेत आहे. धाकट्या हाबेलाला शेतात मारून आल्यावर, भावाची राखण आपल्याकडे थोडीच होती, असा उलटा प्रश्न तो देवालाच करतो. आपल्या वाल्या कोळ्यालाही जबाबदारी कळते. परंतु ती ज्याचे पाप त्याच्या माथी, एवढीच. काइनाची कथा याच्या पुढे जाते. तू खून केलास काय, असे देव प्रथम विचारीतच नाही. भाऊ कोठे आहे, एवढेच विचारतो. या प्रश्नातून खून न करणाराही सुटत नाही. शिवाय काइनाला कोणी मारू नये म्हणून देव त्याच्यावर खूण करतो. राखण नाकारणाऱ्याचीही राखण होते, हे या कथेचे खरे मोठेपण होय.

“हा विषय या शाखेचा नाही” असा शेरा कचेरीत मी कितीदा तरी लिहिला आहे. त्यानंतर त्या अर्जदाराचे काय झाले, हे मी कधी विचारले नाही. हल्ली तो शेरा लिहिताना हात अडखळतो. स्नेह्यांना मी एवढेच सांगितले.