ग्रंथालयसूत्रांस एक वार्तिक

शियाळी रामामृत रंगनाथन् यांचा ग्रंथालयशास्त्राच्या पांच नियमांवरील इंग्रजी ग्रंथ 1931 सालीं मद्रास येथें प्रसिद्ध झाला. ग्रंथपालांच्या शिक्षणक्रमांत त्यास मोठा मान आहे. परंतु पोथ्या व जुने कागद जमविणाऱ्या आमच्या मंडळींनींहि तो वाचण्याजोगा आहे. ग्रंथकार मूळचे गणिताचे अध्यापक. 1924 सालीं ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांचे नियम सूत्ररूप आहेत, म्हणून सूत्रांस लावावयाची कसोटीच आम्ही येथें लावितों. वार्तिककारानें उक्त, अनुक्त व दुरुक्त या तिहींचा विचार करावा, अशी आपली परंपरा आहे.

उक्त तें असें: ग्रंथ वापरासाठीं असतात, कुलुपांत ठेवण्यासाठीं नव्हे, वाचकास त्याच्या उपयोगाचा ग्रंथ भेटावा व ग्रंथासहि त्याचा वाचक भेटावा, वाचकाचा वेळ व्यर्थ जाऊं नये, आणि ग्रंथालय वर्धिष्णु आहे हें विसरूं नये. पहिल्या सूत्रानें पोथीसंग्राहक दचकण्याचा संभव आहे. आपल्या लेखकांनीं पोथीच्या अंतीं तेल, पाणी, सैल बांधणी आणि मूर्खाचा हात यांपासून तिचें रक्षण मागितलें आहे. पण जाणत्या वाचकाचा हात त्यांनीं वर्ज्य केलेला नाहीं. रक्षण हें वापराचेंच साधन होय. तेव्हां येथें दुरुक्त कांहीं नाहीं.

अनुक्त मात्र आहे. सूत्रांतील ग्रंथ म्हणजे प्राधान्यें छापील पुस्तक; एक प्रत हरवली तर दुसरी आणतां येते. ज्याची दुसरी प्रतच नाहीं असा कागद शोधावयाचा कोणीं व राखावयाचा कोणीं, याविषयीं सूत्रें मौन धरितात. हें मौन किती महाग पडतें तें नव्या मुंबईकडे पाहिलें म्हणजे कळतें.

1970 सालीं सिडकोची स्थापना झाली आणि ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील 95 गांवांच्या जमिनीवर नवें शहर वसूं लागलें. वस्ती मुख्यतः आगरी व कोळी. भातशेती, मिठागरें व मासेमारी हा त्यांचा निर्वाह. जमिनीच्या मोबदल्यासाठीं झालेल्या लढ्यांत 1984 च्या जानेवारींत उरण तालुक्यांत गोळीबार होऊन पांच जण बळी पडले. पुढें संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. अशा योजनेंत हक्क ठरतो तो कागदावर: सातबाराचा उतारा, वारसनोंद, जुनें खरेदीखत, संपादनाची नोटीस. यांची एक बाजू सरकारी दप्तरांत राहते. घरच्या पावत्या, मिठागराचे हिशेब, लढ्याचीं पत्रकें ही दुसरी बाजू घरांतल्या पेटींत असते. घर पाडून इमारत उभी राहिली कीं पेटी रद्दींत जाते. शेतांचीं नांवें तर म्हाताऱ्यांच्या स्मरणांतच उरलीं. त्यांच्या जागीं आतां सेक्टरांचे आंकडे आहेत.

या शहरांत ग्रंथालयें नाहींत असें नव्हे. ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकांत ग्रंथालय आहे. शहरांच्या अभ्यासिकांतून परीक्षेस बसणारीं मुलें दिवसभर वाचतात. ज्याच्या घरीं टेबल ठेवण्यास जागा नाहीं त्यास ही सेवा केवढी, हें शिक्षकाच्या पेशांत जन्म घालविलेल्या आम्हांस सांगावयास नको. परंतु महाराष्ट्राच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्याखालीं ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडण्यांत आले, त्यांत ग्रंथसंख्या मोजली जाते, वाचक मोजले जातात. गांवचे किती कागद वांचविले हें कोणी विचारीत नाहीं. जें मोजलें जात नाहीं, त्यासाठीं ग्रंथपालानें वेळ कोठून काढावा?

राजवाड्यांनीं 1898 सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याचा पहिला खंड काढला, तो घराघरांतील कागदांच्या बळावर. पण संशोधक येतो आणि जातो. ग्रंथपाल गांवींच असतो. त्यानें घरोघर विचारावें, कागदाचें छायाचित्र घेऊन मूळ कागद मालकास परत द्यावा, कोणत्या गांवचा, कोणाच्या घरचा, किती पानांचा हें नोंदवावें, आणि यादी छापावी. यादी नसेल तर कागदास वाचक भेटावयाचा कसा? येथें आमच्या संग्राहकबंधूंसहि एक बोल लावणें प्राप्त आहे. गांवचा कागद उचलून आपल्या कपाटांत ठेविला आणि तो कोणाच्या घरांतून आला हें लिहून ठेविलें नाहीं, तर त्याचा अर्धा अर्थ तेथेंच गळाला.

सारांश, पांचहि सूत्रें ग्राह्य आहेत. त्यांस एवढें वार्तिक जोडावें, कीं ज्या कागदाची दुसरी प्रत नाहीं तो शोधणें हें त्या स्थळींच्या ग्रंथालयाचें पहिलें काम होय. ग्रंथालयांचे वर्ग ठरविणाऱ्यांनीं या कामास गुण द्यावेत, आणि मोडी वाचणाऱ्या सभासदांनीं महिन्यांतला एक दिवस अशा ग्रंथपालाच्या शेजारीं बसावें, अशी आमची विनंती आहे.