‘दुरुस्ती’ की ‘भरण’? : दंतसिमेंटाच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

भायखळ्याच्या सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालयाशी संलग्न असलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी व गुजराती माध्यमांचे वैद्यकवर्ग चालत असत. डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्या ग्रंथकारांना त्या काळी मराठीत वैद्यक लिहिताना प्रत्येक अवयवासाठी आणि क्रियेसाठी शब्द शोधावा लागला. ती परंपरा पुढे खंडित झाली. आज त्याच परिसरात दातावर उपचार करणारा व करून घेणारा यांच्यामध्ये जी मराठी उरली आहे, ती मुख्यतः तीन शब्दांची : ‘कीड’, ‘भरणे’ आणि ‘सिमेंट’. फ्लोराइडयुक्त सिमेंटाचे कार्य सांगण्यास हे शब्द कितपत समर्थ आहेत, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम वस्तूचा विचार करू. ॲलन विल्सन व ब्रायन केंट यांनी लंडनच्या शासकीय प्रयोगशाळेत सिद्ध केलेल्या ‘ग्लास आयनोमर’ सिमेंटाचे वर्णन १९७१-७२ मध्ये प्रसिद्ध झाले. फ्लोराइडयुक्त काचेची बारीक पूड पॉलिॲक्रिलिक आम्लाच्या द्रावणात कालवली असता आम्ल काचेतील कॅल्शियम व ॲल्युमिनियम यांचे आयन ओढून घेते आणि लगदा घट्ट होतो. तेच आम्ल दातातील कॅल्शियमशीही बंध साधते. मोकळे झालेले फ्लोराइड आरंभी अधिक व पुढे मंद गतीने बाहेर पडत राहते.

आता शब्दांकडे वळू. ‘कीड’ हा शब्द रोगाचे कारण एखाद्या पोखरणाऱ्या जीवात पाहतो. वस्तुतः तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल निर्माण करतात आणि त्या आम्लात दंतवल्कातील खनिज विरघळते. सामान्य दंतवल्काचे विरघळणे साधारणतः सामू ५.५ च्या खाली सुरू होते. फ्लोराइडयुक्त खनिज सुमारे ४.५ पर्यंत टिकाव धरते. रोग म्हणजे ‘कीड’ असेल, तर सिमेंट केवळ बूच ठरते व फ्लोराइडाचे प्रयोजनच उरत नाही. रोग म्हणजे ‘विरघळणे’ असेल, तरच ते प्रयोजन कळते.

पंडिती पर्यायही निर्दोष नाहीत. ‘काच-आयनोमर’ हे शब्दशः भाषांतर ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम तोंडात काच गेल्याची भीती उभी करते. ‘लुकण’ हा जुना शब्द भेग बुजवण्यापुरता ठीक. दाताशी होणारा रासायनिक बंध त्यात येत नाही. त्या मानाने ‘सिमेंट’ हा रूढ शब्दच अधिक प्रामाणिक आहे : पूड, द्रव, कालवणे, घट्ट होणे आणि धरून राहणे हे सर्व तो सुचवतो.

सर्वांत सदोष शब्द ‘दुरुस्ती’ होय. दंतवल्काचा वजनाने सुमारे ९६ टक्के भाग खनिज असून ते घडवणाऱ्या पेशी दात उगवल्यावर शिल्लक राहत नाहीत. पृष्ठभाग अभंग असून केवळ पांढरा डाग पडला असेल, तेथे खनिज काही अंशी परत येऊ शकते. तेथे ‘दुरुस्ती’ हा शब्द शोभतो. पोकळी पडल्यावर जे होते ते ‘भरण’. झिरपणाऱ्या फ्लोराइडामुळे प्रत्यक्ष तोंडात किती हानी टळते, याविषयीही तज्ज्ञांत एकवाक्यता नाही. ‘दात दुरुस्त झाला’ असे ऐकलेला रुग्ण निर्धास्त होतो. ‘दात भरला’ असे ऐकलेला पुन्हा तपासणीस येण्याचा संभव अधिक. शब्दनिवडीचा परिणाम येथे दातावर होतो.

‘फ्लोराइड’ या शब्दालाही प्रदेशपरत्वे दोन अर्थच्छटा आहेत. तलावांचे पाणी पिणाऱ्या मुंबईकराला तो दंतमंजनाच्या जाहिरातीतून भेटतो. यवतमाळ-चंद्रपूरकडील काही गावांत तो भूजलातील अतिरेकामुळे डागाळलेल्या दातांचे कारण म्हणून परिचित आहे. पिण्याच्या पाण्यातील भारतीय मानकाची इष्ट मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे. तिकडून आलेल्या रुग्णापुढे ‘फ्लोराइडयुक्त’ हे विशेषण गुणवाचक म्हणून उच्चारताना मात्रेचा व मार्गाचा भेद सांगितलाच पाहिजे.

तात्पर्य, येथील उणीव नामांची नसून क्रियापदांची आहे. परिभाषा घडवणारे नामे जुळवण्यात गुंततात. रोगाची व उपचाराची गती मात्र क्रियापदे सांगतात. ‘आम्लाने दाताचे खनिज विरघळले; पोकळी सिमेंटाने भरली; ते दाताला धरून राहील व त्यातून थोडे फ्लोराइड झिरपेल; गेलेले दंतवल्क मात्र उगवणार नाही’ — या साध्या मराठीत शास्त्राला बाध येत नाही आणि रुग्णाची फसवणूकही होत नाही.