अहिल्याबाईंचें चरित्र : स्तोत्र कीं इतिहास?

अहिल्याबाई होळकर इ. स. १७९५ च्या ऑगस्टमध्यें महेश्वरीं निवर्तल्या, तेव्हां अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन आपल्या दुसऱ्या कारकीर्दींत होता. एकीचा जन्म १७२५ चा, दुसऱ्याचा १७३२ चा. दोघांवरही चरित्रकारांनीं एकच अन्याय केला आहे, आणि तो अतिस्तुतीचा.

लहानग्या वॉशिंग्टननें चेरीचें झाड तोडून बापाजवळ खरें सांगितल्याची गोष्ट वीम्स नामक ग्रंथविक्या पाद्र्यानें १८०६ च्या आवृत्तींत घातली. तिला पुरावा नाहीं. आमच्याकडेही न्यायासाठीं पोटच्या मुलास हत्तीच्या पायीं देणाऱ्या अहिल्याबाईंची गोष्ट अद्याप भक्तिभावानें सांगितली जाते. मालेराव १७६७ सालीं वेड लागून वारला, असेंच माल्कमनें लिहून ठेविलें आहे. न्यायनिष्ठा दाखविण्यासाठीं एका दुःखी मातेवर पुत्रवधाचा आळ घ्यावा, हा गौरव कसला?

चरित्रकार काशी, सोमनाथ, गया येथील देवळांची यादी देतात. परंतु हा पैसा आला कोठून, हें क्वचित् विचारतात. होळकरांची खासगी जहागीर १७३४ पासून दौलतीहून निराळी होती. दानधर्माचा मोठा आधार ही खासगी होती. मालेरावाच्या मृत्यूनंतर दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचा दत्तकाचा डाव व त्यामागील राघोबादादांचें पाठबळ त्यांनीं परतवून लावलें, आणि फौज तुकोजीकडे सोंपवून कारभार आपल्या हातीं ठेविला. आमच्या मतें चरित्राचा कणा येथें आहे.

माल्कमचा ग्रंथ १८२३ चा. बाईंना पाहिलेलीं माणसें तेव्हां हयात होतीं, म्हणून त्याची साक्ष मोलाची. पण तो नव्या इंग्रजी अमलाचा अधिकारी होता. त्याची स्तुति वेदवाक्य न मानतां महेश्वर दरबारच्या बातमीपत्रांशीं ताडून पाहिली पाहिजे.

मग एक अप्रिय प्रश्नही टाळतां येणार नाहीं. १७९७ सालीं वॉशिंग्टन आपण होऊन पायउतार झाला आणि अध्यक्षपद निर्वेध दुसऱ्याकडे गेलें. त्याच सालीं तुकोजी वारले आणि त्यांच्या मुलांत गादीसाठीं कलह माजला. तीस वर्षांच्या सुराज्याची घडी दोन वर्षांत कां विसकटली? वंशपरंपरेच्या राज्यांत एका व्यक्तीचें शील संस्थेचें काम करतें, व त्या व्यक्तीबरोबरच तें संपतें, हें आमचें उत्तर. तो दोष एकट्या बाईंचा नव्हे. पण चरित्रकारानें तो झांकूं नये. वॉशिंग्टनच्या पदरीं गुलाम होते, हें तिकडील विद्वानांनीं उघड मांडलें. त्यानें तो लहान झाला नाहीं, नीट समजूं लागला.

जामखेड तालुक्यांतील चौंडी हें बाईंचें जन्मस्थान. २०२४ मध्यें आमच्या जिल्ह्यासच त्यांचें नांव मिळालें. नांव देण्यास एक ठराव पुरतो. ती बाई समजून घेण्यास मात्र कागद वाचावे लागतात, आणि पूज्य व्यक्तीसही प्रश्न विचारण्याचें धैर्य लागतें.